जीव विटणं वेगळं, जिवाला लागणं वेगळं: बर्नआउट आणि कम्पॅशन फटीग

एकाच आठवड्यात दोन सिस्टर माझ्याकडे आल्या आणि दोघींच्या तोंडी एकच वाक्य होतं, "मॅडम, आता नको वाटतं."

पहिली मेडिसिन वॉर्डातली. दिवस पावसाळ्याचे. डेंग्यू आणि लेप्टोचे पेशंट खाली गाद्या टाकून ठेवलेले, नाइटला दोघींच्या अंगावर साठाच्या वर पेशंट, आणि त्या महिन्यातला तिसरा ऑफ कॅन्सल झालेला. दुसरी जळीत वॉर्डातली. तिच्याकडे पेशंट मोजकेच होते आणि ड्युटीही नीट लागत होती. पण वीस-बावीस वर्षांची एक मुलगी तिच्या हाताखाली चार दिवस जगली आणि पाचव्या दिवशी पहाटे गेली. तेव्हापासून घरी गॅस पेटवायला गेलं की तिचा हात थरथरायचा.

मी दोघींना एकच सल्ला दिला. आठवडाभर रजा टाक, गावी जाऊन ये. मेडिसिनवाली ताजीतवानी होऊन आली आणि महिन्याभरात पुन्हा जिथल्या तिथे. जळीत वॉर्डातली गावाहून परतली ती आणखी खचून. वॉर्डात निदान हाताला काम असायचं. गावी दुपारच्या शांततेत ती मुलगी सारखी डोळ्यांसमोर यायची. माझं चुकलं होतं. दोन वेगळ्या दुखण्यांवर मी एकच गोळी दिली होती.

पहिल्या दुखण्याला बर्नआउट म्हणतात, दुसऱ्याला कम्पॅशन फटीग. आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. पहिलीचा जीव विटला होता. दुसरीच्या जिवाला लागलं होतं.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो 1974 च्या सुमारास. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी तिथल्या स्वयंसेवकांची उमेद कशी हळूहळू विझत जाते, यावर लिहिलं. पुढे ख्रिस्तिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 साली ते मोजण्यासाठी 22 विधानांची प्रश्नावली केली. त्यात तीन गोष्टी पाहतात: मनाची दमछाक, माणसांबद्दल आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना.

यातला कोरडेपणा फार फसवा असतो, म्हणून त्यावर जरा थांबते. ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, आम्ही सगळ्याच "सात नंबरचं सलाईन संपत आलंय" असं बोलतो. घाईत खाटेचा नंबर पटकन तोंडात येतो, त्यात काही वावगं नाही. पण सात नंबरचं नाव विचारलं आणि तीन दिवस सांभाळूनही ते आठवेना, त्यांच्या मुलीने काही विचारलं तर उत्तराआधी कपाळावर आठी उमटली, तर सावध व्हावं. सिस्टर वाईट झाली असा याचा अर्थ नव्हे. साठ जणांना पुरवायचं म्हणून मनाने प्रत्येकाच्या वाट्याची माया कापायला सुरुवात केलेली असते. पेशंटला हे आपल्या आधी कळतं. तो मग पाणीसुद्धा मागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. तिथे तो आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळला गेलेला ताण आणि त्यातून उद्भवणारी अवस्था, अशी ती नोंद आहे, आणि ती फक्त कामापुरतीच वापरायची असंही तिथे म्हटलंय. मला ही व्याख्या फार महत्त्वाची वाटते, कारण ती बोट सिस्टरच्या स्वभावाकडे दाखवत नाही, कामाच्या जागेकडे दाखवते. बर्नआउट बँकेतल्या कॅशियरला होतो, शिक्षकाला होतो, एसटीच्या कंडक्टरलाही होतो. त्यासाठी समोर कुणी कण्हत असावं लागत नाही.

कम्पॅशन फटीगला मात्र समोर दुखणारं माणूस लागतंच. हा शब्द नर्सेसच्या संदर्भात पहिल्यांदा ठळकपणे वापरला तो कार्ला जॉइन्सन या अमेरिकन नर्सने, 1992 मध्ये. तीन वर्षांनी चार्ल्स फिगली यांनी त्याचा संबंध दुसऱ्याच्या आघाताशी जोडला: घाव एकाला बसतो आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही त्याच घावाची लक्षणं दिसू लागतात. नको तेव्हा चित्र डोळ्यांपुढे येणं, स्वप्नं पडणं, त्या खाटेजवळून जायचं टाळणं, फोन वाजला की दचकणं. जळीत वॉर्डातल्या सिस्टरला रॉकेलचा वास सहन होत नव्हता. त्या मुलीचं ड्रेसिंग रोज तीच करायची. मॅजिस्ट्रेट जबाब घ्यायला आले तेव्हा बाहेर थांबलेलीही तीच होती. मुलीने त्यांना काय सांगितलं हे तिला कळलं नाही. त्याआधी रात्री मात्र मुलगी तिच्याशी बोलली होती. ते सगळं ती एकटीच वागवत होती.

म्हणजे एकीच्या मनात माया उरली नव्हती, आणि दुसरीची माया थांबत नव्हती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: चिडचिड, झोप नाही, सुट्ट्या वाढलेल्या, डब्यातली पोळी तशीच परत जाते.

पुस्तकांतही हा घोळ आहेच. जॉइन्सन यांनी स्वतः कम्पॅशन फटीगला बर्नआउटचाच एक खास प्रकार मानलं होतं. पुढे बेथ स्टॅम यांनी 'प्रोक्वॉल' नावाची 30 विधानांची चाचणी केली. व्यावसायिक आयुष्याची गुणवत्ता मोजणारी ही चाचणी नर्सिंगच्या प्रबंधांत खूप वापरली जाते. तिच्यात कम्पॅशन फटीग हे मोठं छत्र आहे आणि त्याखाली बर्नआउट आणि दुय्यम आघात असे दोन भाग आहेत. त्यामुळे एकीच्या प्रबंधातला कम्पॅशन फटीग आणि दुसरीच्या प्रबंधातला, यांची व्याप्ती वेगळी असू शकते. विद्यार्थिनींना मी सांगते, आधी कोणती व्याख्या घेतली ते लिहा, मग टक्केवारी.

त्याच चाचणीत तिसरं मोजमाप आहे, सेवेतून मिळणाऱ्या समाधानाचं. ते मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण नुसतं जवळून दुःख पाहिलं म्हणजे माणूस मोडतोच असं नाही. मुंबईच्या केईएममध्ये नोव्हेंबर 1973 पासून 18 मे 2015 पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारिणीला सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. ज्या सिस्टरांनी ही सेवा सुरू केली त्या निवृत्त झाल्या, नंतरच्या मुलींनी ती हातात घेतली. एवढी वर्षं एकटीच्या अंगावर हे ओझं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. तिथे ते सगळ्यांनी वाटून घेतलेलं होतं.

ओळखायचं कसं? मी आता दोनच प्रश्न विचारते. पहिला: "उद्यापासून तुला निम्मेच पेशंट दिले तर?" विटलेल्या सिस्टरचा चेहरा लगेच सैल होतो. जिच्या जिवाला लागलंय तिला त्याने फारसा फरक पडत नाही. दुसरा: "डोळे मिटलेस की काय दिसतं?" पहिलीला ड्युटी चार्ट दिसतो, इनचार्जचा आवाज ऐकू येतो. दुसरीला एक चेहरा दिसतो. हे काही शास्त्रीय निदान नव्हे, माझ्या अनुभवातली खूणगाठ आहे. आणि पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतात, कारण दमलेल्या अंगाला घाव लवकर लागतो.

उपायांची गल्लत मात्र फार महागात पडते. बर्नआउटवर उपाय चार्टात असतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात 3 खाटांमागे 1 सिस्टर हवी, म्हणजे प्रत्येक पाळीत साधारण 9 खाटांमागे 1. जिथे एकाच सिस्टरच्या अंगावर 30 पेशंट आहेत तिथे सकाळी अर्धा तास प्राणायाम घेऊन तो आकडा हलत नाही. अशी शिबिरं मीही भरवली आहेत, म्हणून मनापासून सांगते: जिला खरं तर ऑफ हवा आहे तिला त्याच दिवशी श्वास मोजायला बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

कम्पॅशन फटीगवर उपाय बोलण्यात असतो. शक्य तितक्या लवकर, ज्यांनी तेच पाहिलंय त्यांच्याशी, आणि गरज पडली तर समुपदेशकाशी. जनरल नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींचं तर विशेष. अठराव्या वर्षी हातात पहिला मृत्यू येतो, रात्री हॉस्टेलवर मुलगी रडते आणि वॉर्डनला वाटतं घरची आठवण येतेय. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं वर्षानुवर्षं करणाऱ्या सुनेलाही हे दोन्ही होतं. तिला तर ऑफही नसतो आणि हँडओव्हर द्यायलाही कुणी नसतं.

आणि घरीदारी कशातच रस राहिला नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, जगणं नको वाटायला लागलं, तर ते या दोन्हींच्या पलीकडचं आहे. ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

मेडिसिनवाल्या सिस्टरसाठी आम्ही मेट्रनकडे तीनदा गेलो. चौथ्यांदा नाइटला तिसरी सिस्टर मिळाली. आता ती सात नंबरच्या आजोबांना नावाने हाक मारते.

जळीत वॉर्डातलीला बदली देऊ केली होती, तिने नको म्हटलं. तिला मी अमेरिकेतल्या जॉनथन बार्टल्स नावाच्या नर्सने सुरू केलेली रीत सांगितली होती: पेशंट गेला की सगळ्यांनी क्षणभर, काही न बोलता, तिथेच उभं राहायचं. तिने ती आपल्यापरीने घेतली. तिच्या ड्युटीत कुणी गेलं की बॉडी पॅक करण्याआधी ती खाटेशी उभी राहते, त्या माणसाचं नाव घेते आणि मग मावशींना हाक मारते.