दीर्घ श्वास म्हणजे खांदे उचलणं नव्हे

‘मान दुखतेय? छाती फुगवून, खांदे वर घेऊन मोठा श्वास घ्या, मोकळी होईल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे.

आरशासमोर उभं राहून तसा श्वास घेऊन बघा. गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे स्नायू ताठ उभे राहतात. मानेच्या मणक्यांपासून निघून पहिल्या दोन बरगड्यांना धरणारे स्केलीन स्नायूही आतून ओढ घेतात. हे सगळे मदतनीस, जिना चढताना खरे कामाला लागणारे. बसल्या जागी श्वासाचा मुख्य भार छाती आणि पोट यांमधल्या पडद्याने, म्हणजे डायफ्रामने उचलायचा असतो. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाचे २१,६०० होतात. ते सगळे मानेनेच ओढले, तर तिला विसावा कधी मिळणार?

म्हणून पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक हात छातीवर, दुसरा बेंबीवर ठेवा. नाकाने श्वास घेताना खालचा हात उचलला जावा, वरचा जवळजवळ स्थिर राहावा. पाच मिनिटं पुरे. चक्कर आली तर थांबा. मानेचे व्यायाम मात्र सोडू नका, हा त्यांना जोड आहे. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.