बॅटरी उतरली, की वायर व्होल्टेज खातेय? बोटीवरच्या फ्रीजचं दुखणं

गंगापूर धरणाच्या पाण्यावर माझ्या मित्राची छोटी बोट आहे. तिच्यात बारा व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसरचा फ्रीज आहे. ऐन मे महिन्यात तो अडायला लागला. सुरू व्हायचा, दोन सेकंद घरघरायचा, बंद. मिनिटभराने पुन्हा तेच. दुकानात सांगितलं, बॅटरी गेली. नवी बॅटरी बसवली, आठवडाभर फ्रीज छान चालला आणि पुन्हा अडला. मित्राचा फोन आला, "अरे, नवी बॅटरीपण खराब निघाली!"

बॅटरी खराब नव्हती. पण लक्षणं इतकी सारखी असतात की कोणीही फसेल.

या फ्रीजमध्ये बऱ्याचदा डॅनफॉस कंपनीचा, म्हणजे आताच्या सेकॉपचा, बीडी35 जातीचा कॉम्प्रेसर असतो. त्याचं कंट्रोल युनिट बॅटरीची काळजी घेतं. नेहमीच्या सेटिंगला व्होल्टेज 10.4 च्या खाली गेलं की ते कॉम्प्रेसर बंद करतं आणि 11.7 च्या वर आलं की परत चालू होऊ देतं. एलईडी जोडलेला असेल तर तो खूण म्हणून थांबून थांबून एकेकदा लुकलुकतो. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा : युनिटला बॅटरी दिसत नाही, स्वतःच्या टर्मिनलवर काय पोचलं तेवढंच कळतं. बॅटरी उतरली काय किंवा वाटेत वायरने व्होल्टेज खाल्लं काय, त्याच्या लेखी दोन्ही एकच.

घरी 230 व्होल्टमधले दोन गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. बारातले दोन म्हणजे सहावा हिस्सा गेला. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर सहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन बारा मीटर होतात आणि पाच अँपिअरला 0.44 व्होल्ट त्यातच संपतात. दीड स्क्वेअर एमएमला 0.7 च्या वर. त्यात गंजलेला फ्यूज होल्डर किंवा सैल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आली की खेळ संपला.

आता सगळ्यात मोठी चूक. फ्रीज बंद असताना लोक व्होल्टेज मोजायचा मीटर लावतात, एकदा बॅटरीवर, एकदा फ्रीजवर. दोन्हीकडे 12.6 दिसतं आणि वायरिंग ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट मिळतं. करंट वाहतच नसेल तर व्होल्टेज पडणार कसं? वायर तुटलेली नाही हे सांगणाऱ्या मीटरच्या 'बीप'वरही भरवसा ठेवू नका. वायरची एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो. इंजिन चालू केल्यावर फ्रीज चालतो, म्हणजे बॅटरीच दोषी, हा निष्कर्षही कच्चा आहे. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व्होल्टेज चौदाच्या आसपास नेतो, मग वायरने दोन खाल्ले तरी पुरेसं उरतं. भरलेल्या नव्या बॅटरीने आठवडाभर साथ दिली तीही याचमुळे.

म्हणून मोजायचं ते कॉम्प्रेसर उठत असताना, दोन्ही टोकांना. बॅटरीकडे प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचं टोक, वायरच्या क्लॅम्पवर नाही, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवायचा, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजमापातून सुटतो. खुंटावरच आकडा अकराच्या खाली कोसळला तर बॅटरी संपलेली किंवा म्हातारी झालेली. ती चार्ज करा, काही तास काहीही न जोडता ठेवा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला तेव्हा 12.7 च्या जवळपास दिसायला हवं, 12.2 म्हणजे निम्मीच. खुंटावर 12.4 टिकून आहे आणि फ्रीजच्या टर्मिनलवर 10.2 दिसतंय, तर वायरिंग.

मित्राच्या बोटीत हेच आकडे आले. 2.2 व्होल्ट कुठे जातात ते शोधायला मीटरला एक लांब वायर जोडली. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरा फ्रीजच्या प्लस टर्मिनलवर, आणि फ्रीज चालू केला. मीटरवर 2.0 आले. मायनसच्या बाजूला तसंच केलं, 0.2. मायनसला फक्त वायरचा खर्च होता. प्लसला काहीतरी अडकलं होतं.

बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर उघडला. बाहेरून प्लास्टिक नव्यासारखं, आत पितळेच्या पत्तीवर हिरवट पावडर साचलेली, आणि वायर ओढली तर हातातच आली. दमट कप्प्यातलं ते जुनं होल्डर काढून सील असलेलं बसवलं, कलई केलेल्या तांब्याची सहा स्क्वेअर एमएमची वायर टाकली, थिंबल नीट दाबून घेतल्या. परत मोजलं तेव्हा खुंटावर 12.4, फ्रीजवर 12.2. दुकानात परत द्यायची म्हणून पट्टा सोडून ठेवलेली नवी बॅटरी मित्राने तिथेच राहू दिली आणि पट्टा आवळला.