गोकुलधामचा फळा आणि 'आम भाषा'

'तारक मेहता का उल्टा चष्मा' या हिंदी विनोदी मालिकेतल्या गोकुलधाम सोसायटीत फळ्यावर सुविचार लिहायची पद्धत आहे. मार्च २०२० च्या एका भागात तो कोणत्या भाषेत लिहायचा यावरून रहिवाशांत जुंपली. बापूजींनी, म्हणजे सोसायटीतले वडीलधारे चंपकलाल यांनी, निवाडा दिला: मुंबईची 'आम भाषा' हिंदी, म्हणून सुविचार हिंदीत. सोसायटी चेन्नईत असती तर तमिळमध्ये लिहिला असता, अमेरिकेत असती तर इंग्रजीत.

सगळा गुंता 'आम' या शब्दात आहे. सर्रास कानावर पडणारी ती आम, आणि सगळ्यांची सामाईक तीही आम. पहिल्या अर्थाने निदान वाद घालता येतो. लोकलमध्ये अनोळखी माणसाशी मराठी माणूसही पुष्कळदा हिंदीतच सुरुवात करतो. पण बापूजींनी दिलेला चेन्नईचा दाखला त्या मातीतल्या भाषेचा होता. तोच न्याय मुंबईला लावला असता तर फळ्यावर मराठीच आली असती. चेन्नईला एक माप आणि मुंबईला दुसरं, हे लोकांना लागलं.

एका राजकीय पक्षाच्या चित्रपट शाखेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी माफी मागितली. मुंबई महाराष्ट्रात आहे आणि महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे, असा तो खुलासा होता. राजभाषेचा कायदा १९६४ चा. त्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. प्रश्न जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांच्या भाषेचा होता, उत्तर सरकारी कागदाच्या भाषेचं मिळालं. मला ते आजही अपुरं वाटतं. वेळही नाजूक होती. फेब्रुवारीच्या अखेरीसच विधिमंडळाने शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं.

मालिकेचं मूळ १९७१ पासून एका गुजराती साप्ताहिकात आलेल्या सदरात आहे. पडद्यावर ती जुलै २००८ मध्ये आली आणि प्रांतोप्रांतीची कुटुंबं एका आवारात नांदवणारा 'छोटा भारत' म्हणून ओळखली गेली. या गोरेगावच्या सोसायटीत ठळक मराठी घर एकच, भिड्यांचं. रत्नागिरीचे, शिकवण्या घेणारे, सखाराम नावाची स्कूटर जपणारे, पैन् पैचा हिशेब ठेवणारे सेक्रेटरी आत्माराम भिडे. त्यांच्या पत्नी माधवीचा लोणची-पापडांचा घरगुती उद्योग. हे चित्र खोटं नाही, मायेनं रंगवलेलं आहे. पण मुंबईतलं मराठीपण तेवढ्यावरच भागवलं की फळ्यावरची मराठी एका घराची हौस ठरते.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले, त्या वादातही 'सगळ्यांना कळते ती' आणि 'इथली' यांची अशीच सरमिसळ झाली.

'आम' म्हणजे सगळ्यांची असं धरलं, तर मालिकेतल्या दुकानदार अब्दुलचाही विचार करावा लागतो. सोसायटीच्या प्रत्येक सणात तो असतो, त्याच्या दुकानापाशी पुरुषमंडळी रोज सोडा पीत बसतात. दुकान फाटकाबाहेर आहे, आणि गोकुलधामच्या कुठल्याही मजल्यावर त्याचं घर नाही.