याकिनिकू आणि रेइमेन: एका जपानी जेवणामागचा कोरियन इतिहास

जपानमध्ये याकिनिकूच्या दुकानात जेवायला बसलं की टेबलाच्या मधोमध शेगडी असते. तिच्या जाळीवर पातळ कापलेले मांसाचे तुकडे ज्याने त्याने भाजायचे आणि गोडसर, लसणाच्या सॉसमध्ये बुडवून गरम गरम खायचे. पोट भरत आलं की रेइमेन मागवायचं. हा गार रश्श्यातल्या चिवट नूडल्सचा वाडगा. वर किमची (आंबवलेली तिखट कोरियन भाजी), काकडी, उकडलेलं अंडं आणि बऱ्याचदा कलिंगडाची फोड. आज हा बेत जपानी म्हणून जगभर ओळखला जातो, पण जपानमध्ये तो रुजवला कोरियन स्थलांतरितांनी, आणि तेही त्यांच्या अत्यंत हलाखीच्या काळात. त्यांचं हे श्रेय ठळकपणे सांगायला हवं असं मला वाटतं.

जपानला मांसाची सवय तशी उशिराच लागली. सम्राट तेन्मूने ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाने गोमांस शतकानुशतकं निषिद्धच राहिलं. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने ते खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं.

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडला. त्यानंतर जमिनी गेलेले शेतकरी आणि मजूर जपानच्या कारखान्यांकडे वळले. युद्धकाळात अनेकांना सक्तीने कामाला आणलं गेलं. १९४५ मध्ये जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक मायदेशी परतले, तरी सहा लाखांच्या आसपास मागे राहिले. १९५२ मध्ये त्यांचं जपानी नागरिकत्वही गेलं. चांगल्या नोकऱ्यांची दारं बंद होती, मग भंगार गोळा करणं, छोटी खानावळ चालवणं असे उद्योग हाती उरले. युद्धानंतरच्या काळ्या बाजारात त्यांनी आतडी, काळीज असे कमी मागणीचे, स्वस्त भाग मसाला लावून कोळशावर भाजून विकले. भुकेल्या शहरांनी ते आवडीने खाल्ले. ओसाकातलं त्सुरुहाशी हे त्याचं मोठं केंद्र. कोरियात मांस आधी मुरवून भाजतात. जपानमध्ये त्याला भाजल्यानंतर सॉसमध्ये बुडवण्याची जोड मिळाली, आणि इथूनच याकिनिकूला स्वतःचं वळण लागलं.

आता थंड नूडल्सकडे वळू. जपानमधले बहुतेक कोरियन लोक कोरियाच्या दक्षिणेकडचे होते, तर थंड नूडल्सचं माहेर उत्तरेत, प्योंगयांग आणि हामहुंगला. प्योंगयांगच्या नूडल्समध्ये बकव्हीट (कुट्टू) असतं, हामहुंगकडे बटाट्याचा स्टार्च. मुळात हा हिवाळ्यातला पदार्थ, मुळ्याच्या गार, आंबट किमचीच्या पाण्यात खायचा. भाजलेल्या मांसानंतर शेवटी गार नूडल्स खाण्याची रीतही कोरियातलीच.

ही चव जपानच्या ईशान्येला मोरिओका शहरात नेली हामहुंगहून आलेल्या यांग योंग-चोल यांनी. १९५४ साली त्यांनी तिथे ‘शोकुदोएन’ हे दुकान काढलं. लहानपणची चव आठवून त्यांनी नूडल्स बनवल्या. सोऱ्यातून शेव पाडावी तसं पीठ भोकांतून दाबून थेट उकळत्या पाण्यात सोडायचं, लगेच गार पाण्यात खळखळून धुवायचं आणि गोमांसाच्या गार रश्श्यात घालायचं. सुरुवातीला गिऱ्हाइकं म्हणायची, हे तर रबर चघळल्यासारखं लागतं. राखाडी रंगही लोकांना रुचला नाही, म्हणून यांग यांनी बकव्हीट काढून गव्हाचं पीठ आणि बटाट्याचा स्टार्च वापरला आणि पांढऱ्या, किंचित पारदर्शक नूडल्स तयार झाल्या. चिवटपणा मात्र त्यांनी सोडला नाही. त्यांच्या या हट्टाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. हळूहळू तरुण मंडळींना त्याच चिवटपणाची चटक लागली.

दुकानावर हे नूडल्स प्योंगयांगच्या नावाने विकले जात. १९८६ मध्ये मोरिओकात नूडल्सचा मोठा मेळावा भरला, तिथे ते ‘मोरिओका रेइमेन’ म्हणून मांडले गेले. आपल्या मातीच्या पदार्थाला जपानी शहराचं नाव द्यावं, हे काही कोरियन मंडळींना खटकलं. त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे, पण पदार्थ देशभर पोहोचला तो याच नावाने. २००० साली या नावाला अधिकृत मान्यताही मिळाली.

दरम्यान मांसाच्या बाजूलाही बदल झाले. १९८० मध्ये नागोयाच्या शिंपो कंपनीने धूर खाली ओढून घेणारी शेगडी आणली. कपड्यांना वास लागेल म्हणून दूर राहणारी कुटुंबं आता निर्धास्त येऊ लागली. १९९१ मध्ये गोमांसाच्या आयातीवरचा कोटा उठला, भाव उतरले आणि साखळी दुकानं फोफावली.

मोरिओकात आज रेइमेनची गणना शहराच्या तीन मानाच्या नूडल्समध्ये होते. त्यांतली वांको सोबा, म्हणजे छोट्या वाडग्यांत वाढल्या जाणाऱ्या बकव्हीटच्या नूडल्स, तिथली जुनी. तिसरी जाजामेन, म्हणजे खिमा घातलेल्या मिसोसोबतच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) नूडल्स, ती युद्धानंतर ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून परतलेल्या एका जपानी माणसाने तिथली चव आठवून सुरू केली.