मातीची वडी, हिंदुशचा पाहुणा आणि आपले फडणीस

इसवी सनपूर्व ४९९. एप्रिल-मेचे दिवस. इराणमधल्या एका सरकारी कोठारापाशी एक तांडा येऊन थांबला. म्होरक्या, त्याच्याबरोबर वीस माणसं आणि एक वाटाड्या. कोठारातून पीठ मोजून दिलं गेलं. कारकुनानं तळहातावर मावेल एवढी ओल्या मातीची वडी घेतली, तिच्यावर बोरूच्या टोकानं नोंद केली, वाटाड्यानं खाली आपली मोहोर उमटवली आणि तांडा पुढे निघाला.

नोंद साधारण अशी आहे : पीठ ११० माप, अब्बतेमाला मिळालं. त्याचा स्वतःचा रोजचा शिधा ७० माप. वीस माणसांना प्रत्येकी २ माप. त्याच्याजवळ राजाचं मोहोरबंद पत्र होतं. हिंदुशहून निघाले, सुसाला गेले. राजाच्या कारकिर्दीचं वर्ष तेविसावं, महिना दुसरा. इश्बरमिश्तिमा हा त्यांचा वाटाड्या.

हिंदुश म्हणजे सिंधूकाठचा मुलूख, सुसा ही इराणी राजाची एक राजधानी. आपल्या ‘स’चा तिकडे ‘ह’ होतो. ‘अब्बतेमा’ हे नावही कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं उतरलेलं. हिशोब मात्र चोख. सत्तर अधिक विसा दुणे चाळीस, एकशेदहा. एक माप म्हणजे जेमतेम लिटरभर. साध्या मजुराला महिन्याला साधारण तीस मापं धान्य मिळायचं, आणि या सिंधी पाहुण्याला एका दिवसाला सत्तर! एवढं पीठ एकटा माणूस खात नाही. शिध्याचं माप हे पोटाचं नव्हतं, मानाचं होतं. राजाचा काका पर्नक हा त्या प्रांताचा मुख्य कारभारी. त्याचा रोजचा शिधा १८० मापं पीठ, ९० मापं द्राक्षाची दारू आणि दोन मेंढ्या. त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की अब्बतेमा केवढा मोठा माणूस असेल याचा अंदाज येतो.

प्राचीन इराणचं साम्राज्य आपल्याला भेटतं ते बहुधा ग्रीकांच्या तोंडून. मॅरेथॉन आणि सलामिसच्या लढाया, सोन्यात लोळणारे बादशहा, चाबकाखाली लढणारं सैन्य. हरलेल्या शेजाऱ्यानं किंवा जिंकलेल्या शत्रूनं लिहिलेला इतिहास जसा असतो तसा तो आहे, चटकदार. इराण्यांनी स्वतः असा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांनी मागे ठेवली वाण्याच्या दुकानात शोभेल अशी खतावणी, आणि माझ्या मते शेजाऱ्यांशी असलेलं त्यांचं नातं समजून घ्यायला तीच जास्त कामाची आहे.

ही खतावणी सापडली १९३३ साली. शिकागो विद्यापीठाच्या वतीनं एर्न्स्ट हर्त्सफेल्ड पर्सेपोलिसचं उत्खनन करत होते. ही त्या राजांची दुसरी राजधानी; जुनं नाव पार्सा, आजचं तख्त-ए-जमशीद. चौथऱ्याच्या ईशान्य कोपऱ्यात तटबंदीच्या दोन लहान खोल्यांत मातीच्या वड्यांचा ढीग लागला. तुकड्यांसकट मोजल्या तर वीस-तीस हजार भरतील. सगळ्या इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातल्या, म्हणजे दारयवहूच्या राज्यातल्या. इंग्रजी पुस्तकांमुळे आपण त्याला डरायस म्हणतो.

या वड्या भट्टीत भाजलेल्या नाहीत. नुसती वाळलेली माती, तीही तटाच्या पोटात अडीच हजार वर्षं पडून राहिलेली. अनेकांच्या डाव्या कडेच्या दोन कोपऱ्यांत बारीक भोकं दिसतात. गाठ मारलेल्या दोऱ्याभोवती ओली माती थापून वडी करायची पद्धत होती. दोरा कुजून गेला, त्याची वाट तेवढी उरली. अक्षरं पुसट, मोहोरा त्याहून पुसट. म्हणून अभ्यासक एकेका वडीची छायाचित्रं वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून घेतात आणि संगणकावर ती एकत्र जुळवतात. मग पडद्यावर उजेड हवा तसा फिरवता येतो, आणि तिरक्या उजेडात खोलगट रेघ सावली धरते. भिंतीचा पोपडा पाहायला आपण बॅटरी आडवी धरतो, त्यातलाच प्रकार. रिचर्ड हॅलॉक यांनी १९६९ मध्ये दोन हजारांवर वड्यांचं वाचन छापलं. अब्बतेमाची वडी त्यातलीच.

यातली गंमत अशी की जेत्यांची ही खतावणी जेत्यांच्या भाषेत नाहीच. बहुतेक वड्या एलामी भाषेत आहेत. एलामी लोक हे इराण्यांचे अगदी बांधाला बांध लागून असलेले जुने शेजारी. त्यांचा आर्य भाषांशी काही संबंध नाही, पण कारकुनीची परंपरा दोन हजार वर्षांची. घोड्यावरून आलेल्या इराण्यांनी राज्य घेतलं आणि वह्या लिहायला एलामी माणूस तसाच बसवून ठेवला. काहीशे वड्या अरामी भाषेत आहेत. एक ग्रीकमध्ये, तीत दारूची दोन मापं नोंदली आहेत. एक आजच्या तुर्कस्तानातल्या जुन्या फ्रिजियन भाषेत. खुद्द जुन्या पर्शियन भाषेतली? तीही एकच ओळखता आली आहे. राजाची भाषा कड्यांवर आणि राजवाड्यांच्या भिंतींवर मिरवत होती. कोठीघरात तिला कोणी विचारत नव्हतं.

शिध्याच्या या व्यवस्थेची किल्ली म्हणजे अब्बतेमाजवळचं मोहोरबंद पत्र. एलामीत त्याला ‘हल्मी’ म्हणत. राजा किंवा क्षत्रप म्हणजे सुभेदार ते देई. ते दाखवलं की वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर पीठ, दारू, जनावरांना दाणा मिळायचा. आपल्या शब्दांत सांगायचं तर वाटेचा परवाना आणि शिधापत्रिका एकाच कागदात. फक्त कागद नव्हे, कातडं. म्हणूनच इराणात ही पत्रं उरली नाहीत, उरल्या त्या पावत्या. मात्र इजिप्तचा क्षत्रप अर्शाम याचं कातड्यावरचं असं एक अरामी पत्र वाचलं, आज ते ऑक्सफर्डला आहे. त्याच्या कारभाऱ्याला इजिप्तला जाताना वाटेत कुणी किती शिधा द्यायचा हे त्यात लिहिलं आहे, आणि शेवटी एक कलम : एका ठिकाणी एका दिवसापेक्षा जास्त मुक्काम केला तर वरच्या दिवसांचा शिधा देऊ नये. प्रवासभत्त्याचा अर्ज भरलेल्या कुणालाही हे वाक्य परकं वाटणार नाही.

मोहोरेचा धाकही तसाच. इ.स.पू. ५०० मध्ये पर्नकानं आपली मोहोर बदलली, तेव्हा आधीची माझी मोहोर आता रद्द, या वडीवर उमटली आहे तीच यापुढे धरावी, असा हुकूम लिहून पाठवला.

या वड्यांमध्ये कोण भेटत नाही? बाबिलोनी, इजिप्ती, बॅक्ट्रियाचे, कप्पाडोकियाचे, थ्रेसचे, लिडिया आणि लिशियाचे मजूर, शेकड्यांच्या टोळ्यांनी. आयोनियाच्या, म्हणजे ग्रीक, बायका बाळंत झाल्यावर त्यांना मिळालेला जादा शिधा आहे. मुलगा झाला तर जेवढा, मुलगी झाली तर त्याच्या निम्मा. (हा हिशोब कोणत्याच साम्राज्यानं चुकवलेला दिसत नाही.) अब्बतेमाचा तांडा ज्या वर्षी सुसाची वाट चालत होता, त्याच वर्षी पश्चिमेला आयोनियाच्या शहरांनी दारयवहूविरुद्ध बंड पुकारलं. पुढे ग्रीस आणि इराण यांच्यात जे पेटलं त्याची ठिणगी ती.

हे सगळे मजूर खुशीनं आले असतील असं समजायचं कारण नाही. बंडखोर शहरं उठवून माणसं दूर नेऊन वसवणं ही या राज्याची नेहमीची रीत होती. एरेट्रियाचे ग्रीक असेच थेट सुसाजवळ आणले गेले. इराणातल्या बिसितूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात दारयवहू बंडखोरांची नाकं-कान कापल्याचं स्वतःच अभिमानानं सांगतो. हे साम्राज्य उभारणाऱ्या कुरुशच्या, म्हणजे सायरसच्या, बाबिलोनमधल्या मातीच्या नळकांड्यावरच्या लेखाला हल्ली जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणतात. तेही उगाच. नव्या राजानं जुन्या देवाचं, मर्दुकाचं, नाव घेऊन आपण रीतसर गादीवर बसलो हे सांगण्याची ती बाबिलोनची जुनीच पद्धत होती.

सुसाच्या राजवाड्याच्या लेखात दारयवहूनं सामानाची यादी दिली आहे. देवदार लेबनॉनहून, सोनं सार्डिस आणि बॅक्ट्रियाहून, चांदी इजिप्तहून, हस्तिदंत कुश, हिंदुश आणि अरखोशियाहून, विटा पाडायला बाबिलोनी, दगड घडवायला आयोनी. गांधार आणि कर्मानहून ‘यका’ नावाचं लाकूड आलं. हे कुठलं झाड? लेखाच्या एलामी प्रतीत तिथे येणारा शब्द संस्कृत ‘शिंशपा’शी जुळतो. म्हणजे आपल्या शिसवाचा भाऊबंद असलेला शिसम. आणि पर्सेपोलिसच्या जिन्यावर तेवीस शेजाऱ्यांची शिष्टमंडळं कोरली आहेत, त्यांत सिंधूकाठचे लोक ओळखायला वेळ लागत नाही. उघडं अंग, कमरेला धोतरासारखं वस्त्र, एकाच्या खांद्यावर चक्क कावड. कावडीच्या टोपल्यांत बहुधा सोन्याची भुकटी आहे. हिरोडोटस लिहितो की हिंदी मुलूख वर्षाला ३६० टॅलेंट (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी भरत असे. आकड्यावर विश्वास किती ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं, कावड मात्र दगडात आहे.

आता या कारकुनांच्या शब्दांकडे. वडीला प्राचीन इराकातल्या सुमेरी भाषेत ‘दुब’ म्हणत. तिथल्याच अक्कादीत त्याचं ‘तुप्पु’ झालं, एलामीत ‘तिप्पी’, जुन्या पर्शियनमध्ये ‘दिपि’, म्हणजे लेख. अशोकाचे शिलालेख पाहिले तर वायव्येला शाहबाजगढीला ‘ध्रमदिपि’ आहे, इतरत्र ‘धंमलिपि’. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपली ‘लिपी’ ही अशी चालत आली. लिंपणे, लेप यांतल्या ‘लिप्’चा आधार मिळाला आणि ‘द’चा ‘ल’ झाला. त्याच शाहबाजगढीला ‘लिहिलं’ यासाठी ‘लिखित’ऐवजी ‘निपिस्त’ येतं. हा तर सरळ पर्शियन शब्द. तिथली खरोष्ठी लिपीही उजवीकडून डावीकडे जाणारी, अरामीवरून घडलेली. इकडे आपल्या सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या लेखांचे तुकडे ब्राह्मीत आहेत.

हे ‘निपिस्त’ पुढे झिजत झिजत फारसीत ‘नविश्त’ झालं आणि लिहिणारा झाला ‘नवीस’. मराठीत येता येता ‘णीस’, ‘नीस’. फर्दनवीसाचा फडणीस, चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशोब ठेवणारा पोतनीस. ‘दिपि’ बाळगणारा तो दबीर, आपला डबीर. शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी असलेल्या व्यवहाराचं खातं डबिराकडे असावं, हा योगायोग मला फार आवडतो. आणि ‘दफ्तर’? ते ग्रीक ‘डिफ्थेरा’वरून, म्हणजे कमावलेलं कातडं. वडी आणि कातडं दोन्ही आपल्या कचेरीत पोचली.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं काढून संस्कृत आणली गेली. डबिराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव. ‘लिपी’ला कुणी हात लावला नाही, ती तर शुद्ध संस्कृतच वाटत होती. कीलाक्षरं, म्हणजे वड्यांवरची ती पाचरीच्या आकाराची अक्षरं, वाचू शकणारा माणूस तेव्हा जगाच्या पाठीवर नव्हता. ते कोडं सुटायला लागलं त्यात मुंबईचा थोडा हात आहे. कार्स्टन नीबुर हा डॅनिश मोहिमेतला मोजणीदार. सोबती मेले, एकटा उरला. त्यानं मुंबईत राहून घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली आणि १७६४ च्या अखेरीस तिथून जहाज धरलं. पुढच्या वर्षी पर्सेपोलिसला त्यानं उतरवलेल्या अक्षरांवरून ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकानं १८०२ मध्ये पहिली नावं ओळखली. मग हेन्री रॉलिन्सन हा इंग्रज अधिकारी. मुंबई इलाख्याच्या फौजेत असताना तो फारसी शिकला, आणि नंतर इराणात बिसितूनच्या कड्यावर शिडी लावून चढला.

तिथे दारयवहू पुढच्या काळातल्या वाचणाऱ्याला सांगतो : मी लिहिलेला हा लेख तू पाहशील, ही चित्रं पाहशील, त्यांची मोडतोड करू नकोस. ‘हा लेख’ तिथे आहे ‘इमाम् दिपिम्’. आणि ‘मी लिहिला’ आहे ‘अदम् नियपैशम्’.