‘काही नही’ म्हणणारी मुलगी

हिवाळा लागला की खानदेशात शेतांवर भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. अशाच एका पंगतीत नात्यातली एक मुलगी सगळ्यांना आग्रहानं वाढत होती. स्वतःच्या ताटातली चतकोर भाकर मात्र ती नुसती कुस्करत बसली. आजीनं विचारलं, “काय व्हयनं व माय?”

“काही नही.”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “नखरे.” आजीचे डोळे भरून आले आणि ते पाहून मुलीचे हात थरथरू लागले. आजी आपल्यावर रागावली, असं तिला वाटलं होतं. हे तिनं पुढे उपचार सुरू झाल्यावर सांगितलं.

तिला ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं टाळत राहण्याचा मानसिक आजार, होता, आणि ते ‘काही नही’ खोटं नव्हतं. आत काहीतरी दाटून येतं, पण तो राग, भीती की भूक, हेच उमगत नाही. पीटर सिफनिऑस या मानसोपचारतज्ज्ञानं १९७३ च्या सुमारास याला ‘ॲलेक्सिथायमिया’ हे नाव रूढ केलं. ग्रीक मुळांनुसार अर्थ, भावनेला शब्द नसणं. त्याआधी १९६२ मध्येच हिल्डे ब्रुख यांनी लिहिलं होतं की ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्यातच गोंधळ होतो. खाण्याचे विकार असलेल्यांमध्ये हा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो, सगळ्यांनाच असतो असं नाही.

मग अशी माणसं भावनाशून्य असतात का? मुळीच नाही! दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं, आणि त्याचं दुःख आपल्याला भिडणं वेगळं. ॲनोरेक्सियात पहिली बाजू बरेचदा लंगडी पडते. दुसरी साधारण इतरांसारखीच असते. आजीचं रडणं त्या मुलीला भिडलं होतं, फक्त वाचता आलं नाही.

उपासमारही मन बधिर करते. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. म्हणून उपचारात आधी पोटात अन्न जावं लागतं, आणि सोबतच भावना ओळखण्याचा सराव. डॉक्टर गाठायला उशीर करू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

त्या आजीनं आता प्रश्न बदललाय. “काय व्हयनं?” विचारत नाही. “कोठे दुखस व माय?” म्हणते. परवा मुलीनं थोडं थांबून गळ्यावर हात ठेवला. “आठे.”