निळा धूर: व्हॉल्व्ह सील गेलं की रिंगा?

दुचाकीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला की इंदुरातले बरेच मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधीच सांगून मोकळे होतात: "भिया, इंजन खुलेगा." मग हाफ इंजिनचा हिशेब सुरू होतो: पिस्टन, रिंगा, बोअर, गॅस्केट, मजुरी. कधी तो खराही असतो. पण अगदी तसाच धूर व्हॉल्व्ह सील नावाच्या एका रबरी टोपीमुळेही येतो. ही टोपी करंगळीच्या टोकावर बसेल एवढी असते, आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची जोडी दोघांच्या पोहे-जिलेबीच्या पैशांत येते. म्हणून "उघडा" म्हणण्याआधी दोन-तीन दिवस गाडीकडे नीट बघावं.

दोन्ही बिघाडांत जळतं ते इंजिन ऑइलच. प्रश्न एवढाच की ते आत शिरतं कुठून.

व्हॉल्व्ह सील असतं वर, हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या माथ्यावर. व्हॉल्व्हची, म्हणजे हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दांडी गाइड नावाच्या नळीतून वरखाली होते आणि गाइडच्या तोंडावर हे सील घट्ट बसवलेलं असतं. रबराची कड आणि तिला आवळणारी केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरवर ऑइल सतत उडत असतं. त्यातलं दांडीच्या वंगणापुरतं जाऊ द्यायचं आणि बाकीचं अडवायचं, एवढंच सीलचं काम. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक होतं, कड चिरते आणि ऑइल दांडीवरून खाली उतरायला लागतं.

रिंगा खाली, पिस्टनवर. वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या, तिसरी ऑइल रिंग, जी बोअरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या) भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. म्हणजे रिंगांकडे दोन कामं आहेत: ऑइल खाली ठेवायचं आणि पेटलेल्या वायूचा दाब वर राखायचा. सीलचा या दाबाशी काही संबंध नाही. सगळं निदान याच एका फरकावर उभं आहे. सील गेलेली गाडी धूर सोडते, पण ओढते बरोबर. रिंगा गेलेली गाडी धूरही सोडते आणि पिकअपही सोडते.

आता वेळ पाहा. रात्रभर गाडी उभी राहिली की हेडमध्ये साचलेलं ऑइल फाटक्या सीलमधून थेंब थेंब उतरतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा येतो आणि थोड्या वेळात सगळं स्वच्छ. दिवसभर मग कुणाला पत्ता लागत नाही. पलासियाच्या सिग्नलवर बराच वेळ आयडलवर उभं राहून निघतानाही असाच एक पुंजका सुटतो. रिंगांचं तसं नसतं. गाडीवर जितका लोड, तितका धूर. डबल सीट, चढ, जोरात ओव्हरटेक, आणि गाडी गरम झाली म्हणून तो थांबत नाही.

याची खरी परीक्षा घ्यायची तर खंडवा रोडवरचा भेरूघाट आहेच. इंदूरकर ओंकारेश्वरला निघाला की सिमरोलच्या पुढे तो लागतोच. उतारावर गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटर पूर्ण सोडा. थ्रॉटल बंद आणि इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतंय, त्यामुळे इनटेकमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटेत, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. सील सैल असेल तर हा व्हॅक्यूम ऑइल गाइडमधून अक्षरशः शोषून घेतो. घाट संपल्यावर एक्सलरेटर दिला की मागच्या गाडीवाल्याला निळा ढग दिसतो. (म्हणून मागून ओळखीचा माणूस यायला हवा, आरशात हे धड कळत नाही.) परतीच्या चढावर तीच गाडी स्वच्छ चालली तर संशय सीलवर. उलट उतारावर काही नाही आणि चढताना मात्र सलग निळी रेघ, तर रिंगांकडे बघायचं. दोन्हीकडे धूर असेल तर बहुतेक दोन्ही गेलेत, आणि तेव्हा मिस्त्रीशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

फसवणारी लक्षणं पण आहेत. पौष-माघातल्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, ती पाण्याची. तिला जळक्या ऑइलचा वास नसतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कुणी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल ओतलं असेल तर धडधाकट इंजिनही धूर काढू शकतं, तेव्हा आधी लेव्हल बघा. आणि प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमांच्या, म्हणजे एप्रिल 2020 पासूनच्या गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो. थोडासा धूर तो झाकून टाकतो. तिथे धुरापेक्षा डिपस्टिकवर भरवसा ठेवावा: दर आठवड्याला, गाडी सपाट जागी, इंजिन थंड. धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळू दिलं तर त्यातला फॉस्फरस हळूहळू कन्व्हर्टरलाच निकामी करतो, आणि त्याची किंमत सीलच्या कितीतरी पट.

घरी करता येईल अशी दुसरी तपासणी कॉम्प्रेशन गेजची, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची. गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागावं. इंजिन गरम करून प्लग काढा, गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. येणारा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी धूर, तर संशय आधी सीलवर. कॉम्प्रेशन कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला चढला तर रिंगांमधून दाब निसटत होता, ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर बहुतेक व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे तो जिथे टेकतो त्या कडेवर, नीट बसत नाहीये. हा तिसराच आजार, आणि नवीन सीलने तो बरा होत नाही.

इथे एक गोम आहे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. टाकलेलं ऑइल रिंगेभोवती पसरण्याऐवजी खालच्या बाजूला साचतं आणि आकडा दिशाभूल करतो. अशा गाडीत कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून सोडून कान लावणं जास्त खात्रीचं. त्या वेळी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर असायला हवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. ऑइल फिलरमधून जोराचा फुसफुसाट आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक. फिलरमधून थोडीशी हवा नव्या इंजिनातही येते, तिला घाबरू नये.

शेवटचा पुरावा हेड उघडल्यावर मिळतो आणि तो अगदी स्वच्छ असतो. इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू बघा. सील गेलं असेल तर तिथे डांबरासारखा ओलसर, जाड कार्बन चढलेला असतो, नखाने टोकरला तर तुकड्याने निघतो. रिंगा गेल्या असतील तर पिस्टनच्या माथ्यावर कडेकडेने ऑइलने धुतल्यासारखा चकचकीत पट्टा दिसतो, मधे मात्र काळं.

सील बदलणं घरी जमतं, पण घाई नको. हेड उचलताना बॅरल (म्हणजे सिलिंडर) सोबत उचललं गेलं की खालचं गॅस्केट गेलंच. एक हात बॅरलवर दाबून ठेवा. टायमिंगच्या खुणा जुळवून मोबाइलवर फोटो काढा आणि कॅम चेन तारेने बांधा, नाहीतर ती खाली पडते. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबली की पाचरीसारखे दोन लॉक सुटतात. ते उडतात, म्हणून परातीत काम करा. जुनं सील पकडीने ओढून काढा. नव्याला आतून ऑइल लावून योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबा, ठोकू नका.

सील काढल्यावर मात्र एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. व्हॉल्व्ह थोडा वर करून आजूबाजूला हलवा. डोळ्यांना दिसेल इतकं खेळत असेल तर गाइड झिजलाय, नवीन सील काही महिन्यांत पुन्हा फाटेल. गाइड बदलणं आणि त्यानंतर सीट कापणं लेथवाल्याचं काम, घरी हातोडीने करायचं नाही. आणि व्हॉल्व्ह वाकलेला असेल तर तो ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नये. तो तुटून आत पडला तर पिस्टन, हेड, सगळंच जातं. नवीनच घ्या.

रिंगांचं काम यापेक्षा मोठं. बॅरल निघतं, बोअर मोजावा लागतो. बोअर अंडाकृती झाला असताना नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर धूर पुन्हा येतो, आणि "नवीन रिंगा टाकल्या तरी धूर जात नाही" ही तक्रार बहुतेक याचीच असते. मग 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर मोठा पिस्टन घेऊन बोअर करून घेणं आलं. इथे पैसे वाचवायची जागा नाही. जाड ऑइल ओतून धूर दाबण्याची युक्ती तर थोडे दिवस पुढे ढकलण्यापलीकडे काही करत नाही.

सगळं जोडल्यावर थंड इंजिनवर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, सेट करा. पहिल्या फेऱ्यांत थोडा धूर येईलच, कारण सायलेन्सरमध्ये आधी साचलेलं ऑइल अजून जळायचं असतं. तेवढ्यावरून हेड पुन्हा उघडू नका. महूपर्यंत एक चक्कर मारून या आणि मग बघा.